चिडका की चिडलेला?

“आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि चार महिन्यांपूर्वी त्याला बहीण झाली. तो बोलका आहे, पण मनातले सांगायची वेळ आली की त्याच्याकडे दोनच उत्तरे असतात, ‘छान’ आणि ‘राग आला’. खेळणे तुटले तरी राग, आजी गावाला गेली तरी राग, शाळेच्या दारात माझा हात सुटेना तरी राग. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, तेथे ‘हॅपी, सॅड, अँग्री’ शिकवतात. मी चोवीस चेहऱ्यांचा एक तक्ता आणून भिंतीवर लावला. सगळी नावे तो घडाघडा म्हणून दाखवतो, पण प्रत्यक्ष वेळ आली की हातातली वस्तू फेकतो. मध्येच ‘मी उदासा, बाळ उदाशी’ असेही बोलतो. ते सुधारावे का? सासरे त्याला ‘भित्री भागूबाई’ म्हणतात. मला ते खटकते, पण बोलता येत नाही. भावना सांगणारी विशेषणे त्याला कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेत शिकवावीत? मी स्वतःही हल्ली दिवसभर चिडलेली असते. ता. क. दर सोमवारी सकाळी तो ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणतो. डॉक्टरांनी तपासले, काही नाही म्हणाले.”
— एक आई, नाशिक

सप्रेम नमस्कार,

चोवीस नावे पाठ असलेला मुलगा ऐन वेळी वस्तू फेकतो, यावरून त्याची समज कमी आहे किंवा तुमचे शिकवणे चुकले, असा अर्थ कृपया काढू नका. फळांची आणि वाहनांची नावे तो ज्या रीतीने शिकला, त्याच रीतीने त्याने तक्त्यावरची नावे पाठ केली आहेत. चित्र दिसले की शब्द म्हणायचा, एवढेच त्यात अपेक्षित होते. परंतु भावनेचा शब्द ज्या क्षणी त्याला हवा असतो, त्या क्षणी त्याच्यासमोर कोणतेही चित्र नसते आणि स्वतःचा चेहरा तर त्याला दिसतच नाही. त्याला जाणवते ते छातीतले धडधडणे, गरम झालेले कान आणि समोर कोसळलेला ठोकळ्यांचा मनोरा. शब्द जोडला जायला हवा तो या जाणवण्याशी, आणि हे काम त्या वेळी शेजारी बसलेले माणूसच करू शकते.

शेरी वाइडन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुले भावनांचे शब्द कसे आत्मसात करतात याचा बरीच वर्षे अभ्यास केला आहे. त्यांना असे दिसले की मुले आरंभी सगळ्या भावनांचे ‘बरे वाटणे’ आणि ‘वाईट वाटणे’ असे दोन ढोबळ भाग करतात. आनंदाचा शब्द सर्वांत आधी पक्का होतो, मग राग आणि दुःख एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात, भीती व आश्चर्य त्यामागून येतात आणि किळस ओळखायला आणखी बराच काळ जातो. तुमच्या मुलाचे ‘छान’ आणि ‘राग आला’ हे शब्द याच वाटेवरचे आहेत. काही मुले या टप्प्यावर जरा अधिक रेंगाळतात, आणि घरात नुकतेच बाळ आले असताना तसे होणे मला अगदी स्वाभाविक वाटते. याच अभ्यासातून पुढे आलेली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: नुसता चेहरा दाखवण्यापेक्षा काय घडले ते सांगितले, तर भीती किंवा लाज यांसारख्या भावना मुलांना अधिक सहज ओळखता येतात. म्हणून तक्त्यापेक्षा प्रसंगावर भर द्या.

तुम्ही विशेषणांविषयी विचारले आहे, पण मराठी घरातले मूल भावनेचा पहिला शब्द विशेषण म्हणून शिकत नाही. ‘मला राग आला’, ‘भीती वाटते’, ‘कंटाळा आला’, ‘मजा आली’, ‘रडू आलं’ अशी त्याची पहिली वाक्ये असतात. ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले, तरी अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या तोंडी ते येत नाही; खेळातून वगळलेले मूल ‘मला वाईट वाटलं’ असेच म्हणते. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे, आणि ती इंग्रजीतून विचार करून लिहिलेल्या तक्त्यांमध्ये हरवते. ‘मला राग आला’ या वाक्यात येण्याची क्रिया राग करतो. तो बाहेरून आल्यासारखा येतो आणि म्हणून जाऊही शकतो. ‘आता गेला का राग?’ हा प्रश्न आपण किती सहज विचारतो ते आठवून पाहा. तेव्हा पहिले एकदोन महिने वाटणे आणि येणे या दोन क्रियापदांवरच थांबा. राग येणे, भीती वाटणे, वाईट वाटणे, लाज वाटणे, कंटाळा येणे, नवल वाटणे, मजा वाटणे, एवढे त्याच्या बोलण्यात आपसूक येऊ लागले की विशेषणांकडे वळा.

विशेषणांच्या बाबतीत मात्र माझा एक आग्रह आहे, आणि या पत्राच्या उत्तरात दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी हे लक्षात ठेवा. मराठीत भावनेची विशेषणे दोन प्रकारची आहेत. चिडका आणि चिडलेला, रडका आणि रडवेला, भित्रा आणि घाबरलेला, रागीट आणि रागावलेला, बुजरा आणि बुजलेला, लाजाळू आणि लाजलेला, या जोड्या एकदा मोठ्याने म्हणून पाहा. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द माणसाचा स्वभाव सांगतो आणि दुसरा त्याची त्या घडीची अवस्था सांगतो. दुसऱ्या प्रकारातले बहुतेक शब्द धातुसाधित आहेत. ‘चिडलेला’ या शब्दात चिडण्याची क्रिया स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे काहीतरी घडले म्हणून हा चिडला, थोड्या वेळाने शांत होईल, हे त्या शब्दातच येते. ‘चिडका’ या शब्दाला कारण लागत नाही आणि त्याला शेवटही नसतो. मुले एकमेकांना चिडवताना जे शब्द वापरतात, म्हणजे चिडका बिब्बा, रडूबाई, भित्री भागूबाई, ते सगळे स्वभावावर बोट ठेवणारे आहेत, आणि म्हणूनच ते इतके झोंबतात.

चार-पाच वर्षांचे मूल असा शब्द स्वतःच्या नावासारखा धरून बसते. बालवाडीत शिकवत असताना मी अशी मुले पाहिली आहेत, ज्यांना ‘आज काय झालं?’ असे विचारले की ‘मी रडका आहे ना’ एवढेच उत्तर मिळायचे. काय झाले ते त्यांनी स्वतःही शोधणे सोडून दिलेले असायचे. त्यामुळे निदान पुढची काही वर्षे तुमच्या घरात मुलांविषयी बोलताना दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे त्या घडीची अवस्था सांगणारेच शब्द वापरले जावेत असे मला मनापासून वाटते. कौतुकाच्या शब्दांनाही मी हे लागू करीन, कारण ‘तू तर किती धीट आहेस’ असे रोज ऐकणाऱ्या मुलाला भीती वाटल्याचे सांगणे फार जड जाते.

यातच तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न येतो. त्यांच्या मनात अढी नसणार. त्यांच्या लहानपणी हेच शब्द लाडाने आणि धाकाने दोन्ही रीतींनी वापरले जात होते. मुलासमोर त्यांना टोकू नका, आणि हे बोलणे शक्यतो तुमच्या पतीने करावे. ‘बाबा, त्याला भागूबाई म्हटलं की पुढच्या वेळी तो भीती वाटल्याचं सांगणारच नाही, आणि मग त्याला कशाची भीती वाटते ते आपल्याला कळणार कसं?’ असे म्हटले, तर बहुतेक आजोबांना ते पटते. शिवाय नातवाला द्यायला त्यांच्यापाशी असे काही आहे, जे तुमच्यापाशी कदाचित नसेल. कावराबावरा, भेदरलेला, हिरमुसलेला, खजील, कासावीस, हरखलेला हे शब्द त्यांच्या पिढीच्या बोलण्यात सहज येतात. रात्रीच्या गोष्टीचे काम त्यांच्याकडे सोपवा. चिऊ-काऊची गोष्ट घ्या: शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात चिऊच्या दाराशी उभा आहे आणि आतून ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’ असे पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्या वेळी काऊला काय वाटत असेल? पहिल्या हाकेला तो आशेने वाट पाहत असेल, तिसऱ्या हाकेला वैतागला असेल, पाचव्या हाकेला कदाचित रडवेला झाला असेल. आजोबांनी एवढे विचारले आणि नातवाच्या उत्तराची वाट पाहिली, तर या एका गोष्टीवर आठवडाभर बोलता येईल.

आता कोणते शब्द घ्यायचे ते पाहू. चोवीस शब्दांची घाई नको, वर्षभरात दहा-बारा शब्द त्याच्या बोलण्यात मुरले तरी पुष्कळ झाले. निवडताना, त्याला ज्याची रोज गरज पडते आणि जे तो आज एकाच ‘राग आला’मध्ये कोंबतो आहे, ते आधी घ्या. मनोरा पडला तेव्हा तो चिडलेला असतो. चौथ्यांदा बूट घालता येत नाही तेव्हा वैतागलेला असतो. ‘उद्या बागेत नेऊ’ म्हटले आणि पावसाने जाणे रद्द झाले, तर तो हिरमुसलेला असतो, आणि हा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो, कारण मनात धरलेली गोष्ट हुकल्याचे जे खास दुःख असते, ते त्यात नेमके उतरते. बाळाला घेतले म्हणून कोपऱ्यात तोंड फिरवून बसला, तर तो रुसलेला आहे. रुसण्यात आणि चिडण्यात मोठा फरक आहे. चिडलेल्या माणसाला थोडा वेळ एकटे सोडलेले चालते, पण रुसलेला माणूस आपली समजूत घालायला कोणी येईल का याकडे कान लावून बसलेला असतो. हा फरक त्याला शब्दात सांगता आला, तर त्या वेळी काय करायला हवे ते तुम्हालाही लगेच कळेल. भीतीच्या बाबतीतही असेच आहे. फटाक्याच्या आवाजाने तो दचकतो, अनोळखी लग्नघरात बावरतो, आणि उद्या काय होईल या विचाराने त्याला धाकधूक वाटते. आनंदाकडे दुर्लक्ष होते, म्हणून तेही सांगते: खूश, हरखलेला, उत्सुक आणि निवांत हे शब्द तितक्याच अगत्याने वापरा, नाहीतर भावनांविषयीचे बोलणे म्हणजे काहीतरी बिघडल्यानंतरचे बोलणे, अशी त्याची समजूत होईल.

शब्द केव्हा द्यायचा, हे शब्दांच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे आहे. तो किंचाळत असताना किंवा वस्तू फेकत असताना काहीही शिकवू नका. वस्तू शांतपणे बाजूला घ्या, त्याला चालत असेल तर जवळ घ्या, श्वास खाली बसू द्या. मग हलक्या आवाजात, प्रश्नाच्या सुरात विचारा: “मनोरा पडला म्हणून चिडलास का? की खूप दमलायस?” प्रश्नाचा सूर यासाठी की मनात काय चालले आहे ते ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. तो ‘नाही’ म्हणाला तर मान्य करा. एखाद्या दिवशी तो स्वतः ‘मी चिडलो नाही, मी रुसलोय’ अशी तुमची चूक दुरुस्त करील, आणि तो दिवस तक्त्यावरची चोवीस नावे म्हणून दाखवण्यापेक्षा कितीतरी मोठा असेल. फेकणे मात्र चालणार नाही, हे त्याच दमात आणि तितक्याच शांतपणे सांगा: “चिडलास ते बरोबर आहे. ठोकळा फेकायचा नाही, बाळाला लागेल.” चिडण्याला मुभा आणि फेकण्याला मनाई, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांना आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर समजते.

ज्या वेळी शब्द सुचत नाही, त्या वेळी शरीरापासून सुरुवात करा. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तब्ध होणे, घाम, रोमांच, स्वर बदलणे, कंप, चेहऱ्याचा रंग बदलणे, अश्रू आणि शुद्ध हरपणे. भावना आधी शरीरावर उमटते हे जाणकारांनी किती पूर्वी टिपून ठेवले होते, याचे मला नेहमी नवल वाटते. आपल्या रोजच्या बोलण्यातही छातीत धडधडणे, पोटात गोळा येणे, घसा दाटून येणे, अंगावर काटा येणे असे कितीतरी प्रयोग आहेत. ‘कुठे वाटतंय, दाखव’ असे विचारले की साडेचार वर्षांचे मूल बरोबर हात ठेवते.

बहिणीविषयी त्याला जे वाटते त्याला मोठी माणसे मत्सर म्हणतात, पण हा शब्द त्याच्या वाट्याला आणू नका, आणि ‘बहिणीवर जळतो’ असे तर पाहुण्यांसमोर गमतीनेही कोणाला म्हणू देऊ नका. त्याच्या वयाला पेलणारे आणि खरे शब्द आहेत ते असे: ‘मलापण मांडीवर यायचं होतं’, ‘मला एकटं एकटं वाटलं’. बाळाला दूध पाजताना तुम्ही स्वतः हे बोलून दाखवलेत, ‘मी बाळाला घेतलं की तुला एकटं वाटतं का रे?’ असे विचारलेत, तर त्याला ते सांगण्याची वाट मोकळी होईल.

भाषेचा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. तो घरी येऊन ‘आय अ‍ॅम सॅड’ म्हणाला तर त्याला अडवू नका. ‘हो ना, खेळ अर्ध्यावर थांबला म्हणून वाईट वाटलं’ असे उत्तर द्या, म्हणजे दोन्ही शब्द त्याच्याजवळ राहतील. परंतु बारीक छटा घरच्या भाषेतच शिकवा, कारण शाळेतल्या एका ‘सॅड’मध्ये हिरमुसलेला, उदास, रडवेला आणि एकटा हे चौघेही झाकले जातात. ‘उदासा, उदाशी’ ऐकून तर मला आनंद झाला. चिडलेला-चिडलेली, घाबरलेला-घाबरलेली ऐकून त्याने लिंगानुसार विशेषण बदलण्याचा नियम स्वतः शोधून काढला आहे, आणि उदास, नाराज, आनंदी, खूश, खजील हे शब्द तसे बदलत नाहीत, एवढेच त्याला अजून कळायचे आहे. ‘चुकलं’ असे न म्हणता ‘हो, बाळ आज उदास दिसतंय’ असे बरोबर रूप वापरून उत्तर द्या. वारंवार ऐकले की ते जागच्या जागी बसेल.

तुम्ही स्वतः दिवसभर चिडलेल्या असता असे लिहिले आहे. चार महिन्यांचे बाळ, अपुरी झोप आणि साडेचार वर्षांचा मुलगा, हे सगळे सांभाळणाऱ्या आईला तसे वाटणारच. त्याची लाज वाटू देऊ नका, मात्र तेही शब्दात सांगा: “दूध उतू गेलं म्हणून मी वैतागलेय. तुझ्यावर नाही चिडले.” मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की तिसऱ्या वर्षी ज्या मुलांच्या घरात भावनांविषयी अधिक बोलले जात होते, ती मुले सहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत होती. भावनेला नाव दिल्याने मोठ्या माणसांनाही उपयोग होतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात, रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याला योग्य शब्द निवडताना प्रौढांच्या मेंदूतील अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी संबंधित भागाची सक्रियता कमी झालेली आढळली. तो प्रयोग लहान मुलांवर केलेला नव्हता, त्यामुळे त्यावरून मुलांविषयी मोठे दावे मी करणार नाही. पण दूध उतू गेल्यावर स्वतःशी ‘मी वैतागले आहे’ एवढे म्हणून पाहायला काहीच हरकत नाही. मात्र उदासपणा आठवडेच्या आठवडे टिकला, वेळ मिळूनही झोप लागेना किंवा बाळाजवळ जावेसे वाटेना, तर स्वतःच्या डॉक्टरांशी अवश्य बोला. बाळंतपणानंतर असे पुष्कळ जणींना होते आणि त्यावर उपचार आहेत.

तक्ता काढून टाकायची गरज नाही, पण त्याच्या शेजारी घरातल्या माणसांचे फोटो लावा. आत्याच्या लग्नात पाठवणीच्या वेळी आजीचा चेहरा कसा होता, पहिल्यांदा बाळाला हातात घेतले तेव्हा त्याचा स्वतःचा कसा होता, यावर तो जितके बोलेल तितके अनोळखी चित्रांवर बोलणार नाही.

राहिला सोमवार. डॉक्टरांनी तपासले हे उत्तम केलेत. पोटदुखीने रात्री जाग येऊ लागली, उलट्या, ताप किंवा वजन घटणे असे काही दिसले, तर पुन्हा दाखवा, आणि शाळेत जायला तो काही आठवडे सतत नकार देऊ लागला, तर बालमानसतज्ज्ञांची भेट घ्या. पण पोट दुखण्याचे तो सोंग करतो आहे असे कोणी म्हणाले, तर ते मानू नका. लहान मुलांची काळजी खरोखर पोटातच दुखते. शनिवार-रविवार तुमच्याजवळ काढल्यावर सोमवारी तो निघून जातो आणि बाळ तुमच्यापाशी राहते, हे त्याला दर आठवड्याला नव्याने सोसावे लागते. येत्या रविवारी संध्याकाळी, तो निवांत असताना विचारा: “उद्या शाळा आहे म्हणून धाकधूक वाटतेय का? पोटात गोळा आल्यासारखं होतंय का?” सोमवारी दारात निरोप लांबवू नका, दुपारी कोण घ्यायला येईल ते सांगा आणि त्या वेळेला तेथे हजर राहा. आणि घरी आल्यावर, बाळ झोपलेले असेल तेव्हा त्याला मांडीवर घेऊन सांगा, ‘तू शाळेत गेलास ना, तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.’ तक्त्यावर हा शब्द सापडणार नाही, पण दर सोमवारी त्याच्या पोटात जे होते, त्याचे नाव बहुधा हेच असावे.